मदत हवी आहे: कौटुंबिक हिंसाचार कळवला तर संरक्षण अधिकारी आधी त्या बाईला एकटीला भेटतील का?

वेंगुर्ल्याच्या बाजूचा काजू कारखाना. गाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईच्या दंडावर महिन्यात दोनदा वळ दिसले. विचारलं तर "पाणंदीत पडलंय" म्हणाली. पगार, मोबाईल दोन्ही नवऱ्याकडे. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर दिला, तर घरी सापडेल म्हणून तिने तिथेच फाडून टाकली. पोलीस नकोच म्हणते. ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जाऊन यायचं तर दिवस मोडतो, खाडा घरी कळतो. (नवऱ्याला समजवा, हे कृपया सुचवू नका.)

२००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तिऱ्हाइतालाही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवता येतं, हे ठाऊक आहे. तिची तयारी झाली की कळवेन. पण मग ते थेट घरी येतात, की आधी कारखान्यातच, तिला एकटीला भेटा असं सांगता येतं? कोणी केलंय का?