मदत हवी आहे : दिव्यांग भावावर राजीनाम्याचा दबाव

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ सांगलीत एका पतसंस्थेत क्लार्क आहे. पायाला पोलिओ, कुबडी घेऊन चालतो. कॅश काउंटरवर कधी एका रुपयाचा फरक नाही. नवीन साहेब आल्यापासून त्याचं टेबल दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. खाली बसू द्या म्हटलं तर उत्तर, "जमत नसेल तर राजीनामा दे." वर पगारवाढही अडवली. तोंडीच सगळं, कागद एकही नाही!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते लेखी मागावं, की थेट पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी? युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. कुणी अशी तक्रार केली असेल तर मजकूर कसा लिहिला, पुरावा काय जोडला, सांगाल का? सांगली-मिरजेत अशी प्रकरणं घेणारे वकील माहीत असतील तर मेसेज करा.