१९८१ चं सेसना १५२, मुंबईत ठेवण्यासाठी घ्यावं का?

पार्लेकर
नमस्कार मंडळी. पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) झालंय. तिघे मिळून विमान घ्यायचा विचार आहे, वर्षाला सगळ्यांचे मिळून शंभरेक तास होतील. समोर १९८१ चं सेसना १५२ आहे. इंजिनचं ओव्हरहॉल २०११ चं, त्यानंतर फक्त ७०० तास चाललंय. गेली तीन वर्षं हँगरमध्ये उभं आहे, एआरसी (उड्डाणयोग्यतेचा आढावा-दाखला) संपलंय. विकणारे म्हणतात की इंजिन नव्यासारखं आहे, दर आठवड्याला प्रॉपेलर हाताने फिरवतो. पाहणीला जाताना काय बघू? की रोटॅक्स इंजिनाचं दोन सीटचं विमान बरं?

रिव्हेट
७०० तासांना भुलू नका. यातल्या ओ-२३५ इंजिनाचा टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधला काळ) २४०० तासांचा, पण ते बनवणारी लायकमिंग कंपनी सोबत १२ वर्षांची मुदतही सांगते. ती २०२३ मध्येच संपली.

या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या) वर असतो. विमान उभं राहिलं की ऑइल निथळून खाली जातं, कॅमचे लोब (उंचवटे) कोरडे पडतात आणि आपल्या दमट हवेत त्यांना गंज धरतो. पुढे इंजिन सुरू केलं की तो खडबडीत लोब त्यावर टेकलेला टॅपेट खरवडतो आणि लोखंडाचा कीस ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. हाताने प्रॉपेलर फिरवल्याने उरलासुरला ऑइलचा थरही पुसला जातो. काळजी म्हणून केलं असेल, पण नुकसानच झालं. नुसतं जमिनीवर चालवणंही वाईट, आत पाणी साचतं. ऑइल ८० अंशांच्या वर नेऊन तासभर उडवलं तरच ते पाणी उडून जातं.

क्रम असा ठेवा. आधी थंड इंजिनात बोअरस्कोप (आत बघायची बारीक दुर्बीण) घालून सिलिंडरच्या भिंती बघा. एक सिलिंडर उतरवून कॅम आणि टॅपेट डोळ्यांनी बघा. हे सगळं ठीक निघालं तरच इंजिन सुरू करायचं. मग गरम इंजिनवर ८० पीएसआय दाबाची हवा देऊन प्रत्येक सिलिंडर ती किती धरतो, म्हणजे कॉम्प्रेशन, तपासा. चारही आकडे ७० च्या वर आणि एकमेकांच्या पाचेकच्या आत हवेत. ६० किंवा कमी आला तर तो सिलिंडर उतरलाच समजा. हवा कुठून फुसफुसते तेही ऐका: एक्झॉस्टच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा.

सिलिंडर उतरवायला मालक तयार नसेल, तर ओव्हरहॉलचं लेखी कोटेशन घ्या आणि ती पूर्ण रक्कम किमतीतून वजा करून बोला.

नटबोल्ट
इंजिन बदलता येतं. सांगाडा गंजला असेल तर विमानच संपलं, म्हणून माझ्या मते पहिला दिवस सांगाड्याला द्यावा. गालिचा उचलून जमिनीखाली, शेपटीच्या पोकळीत, स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना टॉर्च मारा. रिव्हेटच्या मागे काळा ओघळ दिसला तर तो सैल आहे. पंखाखाली निळा डाग म्हणजे टाकी गळते, कारण १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल (अॅव्हगॅस), निळं असतं. १५२ बहुधा शिकाऊंच्या हातून गेलेलं असतं, त्यामुळे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) सुरकुती आहे का बघा. नाकावर आपटल्याची ती खूण. कंट्रोल केबलवर पुलीपाशी फडकं फिरवा, धागे अडकले तर केबल तुटायला लागलीय. मफलरचं आवरण काढून तडे बघा, नाहीतर हीटर लावल्यावर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो.

सीटचे रूळ विसरू नका. भोकं झिजली की टेकऑफला सीट मागे सरकते, पायलट आधारासाठी योक (हातातलं नियंत्रण) ओढतो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते. यासाठी एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा-आदेश) आहे. सगळ्या डायरेक्टिव्हची यादी लॉगबुकाशी ओळीने ओळ जुळवा. विमान, इंजिन आणि प्रॉपेलर यांची लॉगबुकं सलग हवीत. प्रॉपेलर कधी जमिनीला लागल्याची नोंद असेल तर त्यानंतर क्रँकशाफ्टचा गिअर तपासल्याचा कागद मागा.

एआरसीसाठी कॅमो (विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणारी मान्यताप्राप्त संस्था) कागदही तितक्याच बारकाईने तपासते, त्यामुळे 'वार्षिक तपासणी केली की उडेल' हे धरून चालू नका. बँकेचा बोजा असेल तर ना-हरकत पत्र आधी.

नैऋत्य वारा
रोटॅक्सबद्दल: त्यांचं ९१२ इंजिन साध्या पेट्रोलवर चालतं म्हणून स्वस्त, हे आता इथे लागू नाही. रोटॅक्सची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंत, आणि आपल्या पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) मिळतं. म्हणजे त्यालाही अॅव्हगॅसच. मग त्यातल्या शिशाचा गाळ गिअरबॉक्समध्ये साचतो, कारण इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच आहे, आणि ऑइल १०० ऐवजी ५० तासांनी बदलावं लागतं. शिवाय रबरी नळ्या दर ५ वर्षांनी. अॅव्हगॅस इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्याला बनवते, पण तुमच्या तळावर बॅरल कोण ठेवतं, हे आधी विचारा.

परदेशातून आणायचा विचार सोडाच; २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे.

खरा प्रश्न जागेचा आहे. जुहूला समुद्राची खारी हवा, त्यात पाणी साचतं. टाटांची टपालसेवासुद्धा पावसाळ्यात जुहूहून पुण्याला हलवावी लागायची. घाटापलीकडे कोरड्या ठिकाणी बंद हँगर मिळतो का बघा, तोही लेखी आणि एएमई (परवानाधारक विमान-देखभाल अभियंता) किती अंतरावर आहे हे विचारून.

पार्लेकर
खूप आभार, सिलिंडर उतरवायची अट आजच कळवतो. एक राहिलं, आम्ही दोघे ८८ आणि ९२ किलोचे आहोत, चालेल?

रिव्हेट
पूर्ण टाक्यांनिशी नाही. कमाल वजन ७५७ किलो, रिकामं विमान ५१५ च्या आसपास, भरल्या टाक्यांचं पेट्रोल सुमारे ६७. उरतात १७५, तुम्ही दोघेच १८०. दहा लिटर कमी भरलं तर बसाल, पण सामान काहीच नाही. रिकामं वजन ताज्या वजनपत्रावरूनच घ्या; रंग आणि रेडिओ बदलत गेल्याने जुनी विमानं जड झालेली असतात.