भटकून आल्यावर नकाशा काढा

'यादी-बिदी करू नका, नव्या शहरात दोघांनी पाय नेतील तिकडे जावं' असा सल्ला जोडप्यांना देतात; तो मला पटतो, पण अर्धाच. ज्याच्या हातात मोबाइल, त्याच्याच पायांचं चालतं. तो मोबाइलच्या नकाशावरच्या निळ्या ठिपक्याकडे बघत वळतो, दुसरा मागून फरफटतो आणि संध्याकाळी धड कुणालाच रस्ता सांगता येत नाही. त्यामुळे मोबाइल पिशवीत ठेवायचा आणि कुठल्या नाक्यावर कुठे वळायचं हे आळीपाळीने ठरवायचं.

त्या सल्ल्यात नसलेली आणखी एक गोष्ट: घरी आल्यावर दोघांनी एकमेकांना न दाखवता फिरलेल्या भागाचा नकाशा काढायचा. कल्पना माझी नाही. केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना असे नकाशे काढायला लावले होते. १९६० मध्ये त्याने त्यातून पाच घटक मांडले: रस्ते, कडा (जिथे एखादा भाग संपतो त्या सीमा), भाग, चौक आणि खुणेच्या जागा. आमच्यात नवऱ्याचा कागद म्हणजे नुसते बसथांबे आणि उड्डाणपूल (स्वभाव!). माझ्या कागदावर एक वाकडी गल्ली अर्धं पान खाऊन बसलेली, कारण तिथल्या दगडी जिन्यावर आम्ही बराच वेळ टेकलो होतो. अंतरं दोघांचीही गंडलेली, त्याचं काही नाही. गंमत म्हणजे रेल्वेचे रूळ दोघांनीही जाडजूड काढले आणि त्यापलीकडे कागद कोरा! लिंच ज्याला कड म्हणतो ती हीच. पुढच्या सुट्टीला कुठे जायचं यावर मग वाद उरला नाही.