नूतनीकरण अर्धवट, ठेकेदार उरलेले पैसे मागतो आहे : पुढे काय करावे?

प्रश्न (डोंबिवली पूर्व)

नमस्कार. डोंबिवलीतील आमची सदनिका बावीस वर्षे जुनी आहे. दिवाळीनंतर न्हाणीघर, स्वयंपाकघराचा ओटा आणि दोन खोल्यांतील कपाटे असे काम आम्ही एका ठेकेदाराला ८ लाख ४० हजार रुपयांना दिले. करारनामा असा केला नाही. त्याच्या लेटरहेडवरचे दोन पानी कोटेशन आहे आणि त्याखाली दोघांच्या सह्या आहेत. आजवर ६ लाख ९० हजार रुपये दिले, त्यांपैकी ५ लाख ५० हजार बँकेतून आणि उरलेले रोख.

गेले दोन महिने काम बंद आहे. न्हाणीघरात पाणी नहाणी ट्रॅपकडे (सांडपाणी जाण्याच्या जाळीकडे) न जाता दाराकडे येते, उंबऱ्याजवळच्या तीन फरशांवर नाणे वाजवले तर पोकळ आवाज येतो आणि खालच्या मजल्यावरील काकूंच्या छताला ओल आली आहे. कोटेशनमध्ये आयएस ७१० प्लाय लिहिलेला असताना कपाटाच्या मागच्या फळीवरचा शिक्का ३०३ चा आहे. ठेकेदाराचे म्हणणे एकच, की आधी उरलेले दीड लाख द्या, मग माणसे पाठवतो. घरात ७६ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यामुळे न्हाणीघर असेच ठेवणे शक्य नाही. दुसरा माणूस लावून काम उरकून घ्यावे, की महारेरा (बिल्डरांच्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण) किंवा पोलिसांकडे जावे?

प्रतिसाद : स्थापत्य अभियंता, पुणे

ताई, दुसऱ्या माणसाला आजच फरशी फोडू देऊ नका. एकदा ती फुटली की आधीचे काम कसे होते, हे दाखवायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही, आणि पहिला ठेकेदार सारा दोष नव्या माणसाच्या माथी मारून मोकळा होईल.

आधी ओल कुठून येते ते ठरवा. न्हाणीघर दोन दिवस पूर्ण बंद ठेवूनही खालचे छत ठिबकत राहिले, तर दोष बहुधा भिंतीतल्या पाण्याच्या पाइपच्या जोडात असतो, कारण त्यात पाणी सतत दाबाखाली असते. वापर थांबवल्यावर ठिबक कमी झाली, तर संशय वॉटरप्रूफिंगवर किंवा ट्रॅपच्या जोडावर जातो. जुन्या इमारतींत नवे पाइप टाकताना जुना ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) फोडतात आणि पुढे घाईत नुसत्या सिमेंट-वाळूवर फरशी बसवतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पाइपची दाबचाचणी (दाबाने पाणी भरून गळती पाहणे) करून घेतल्यावर, काकूंना आधी सांगून, ट्रॅप बंद करा, दोन-तीन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि पातळी उतरते का, खाली ओल वाढते का, ते ४८ तास पाहा.

हे सारे ठेकेदाराला लेखी कळवून, तो येवो अथवा न येवो, दोन साक्षीदारांसमोर करा. छायाचित्रात टेप आणि उतार दाखवणारी लेव्हल दिसू द्या; प्लायच्या शिक्क्याचे छायाचित्र जवळून घ्या. आयएस ७१० हा मरीन प्लाय, तर आयएस ३०३ सर्वसाधारण वापराचा, आणि दोहोंच्या दरात मोठा फरक असतो. शेवटी एखाद्या अभियंत्याकडून कोटेशनमधील प्रत्येक बाबीपुढे काम किती झाले, त्यातले टिकण्याजोगे किती आणि तोडावे लागणारे किती, असे मोजमापासह सहीचे मूल्यांकन घ्या. तुमचे त्याच्याकडे निघते की त्याचे तुमच्याकडे, हे त्या कागदावरून ठरेल. तोवर दीड लाखातला एक रुपयाही देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : ग्राहक आयोगात स्वतः तक्रार चालवलेली गृहिणी, ठाणे

महारेराचा इथे उपयोग नाही. विक्रीचा संबंध नसलेले घरदुरुस्तीचे काम रेरा कायद्याच्या बाहेर आहे. पोलीसही बहुधा हा दिवाणी वाद आहे असेच सांगतील, कारण फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी मुळापासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगात जाण्यापूर्वी तिथे नोंद करून पाहायला हरकत नाही.

त्याआधी नोटीस मात्र पाठवाच. तीत दोषांची यादी, दिलेली रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत लिहा, आणि ‘मुदतीत काम दुरुस्त न झाल्यास ते दुसऱ्याकडून करून घेऊन जादा खर्च तुमच्याकडून वसूल करू’, हे वाक्य न विसरता घाला. रोख दिलेल्या १ लाख ४० हजारांची पावती नसेल, तर त्या दिवशीचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश शोधा. माझ्या प्रकरणात ‘पन्नास मिळाले’ एवढा एक संदेश फार कामी आला. मूळ फोन जपून ठेवा, कारण अशा पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. कायद्यात तीन ते पाच महिने लिहिले असले तरी माझ्या निकालाला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. हे सांगते ते धीर खचवण्यासाठी नाही, तर तडजोडीचा मार्ग बंद करू नका म्हणून.

प्रतिसाद : इंटिरियर ठेकेदार, नाशिक

मी स्वतः या धंद्यात आहे आणि त्या ठेकेदाराची बाजू घेणार नाही. आमच्यातले काही जण एका साइटची उचल दुसऱ्या साइटवर फिरवतात. तिकडे पैसे अडकले की इकडचे कारागीर उठून जातात. असा माणूस रोख हातात पडली तरी तुमच्याकडेच येईल याची खात्री नसते. म्हणून मूल्यांकनानंतर तो तयार झालाच, तर नवा लेखी कागद करा. आधी न्हाणीघर, मग इतर काम. साहित्याचे पैसे थेट दुकानदाराला, मजुरी त्या त्या टप्प्यानंतर, आणि शेवटची दहा टक्के रक्कम एक पावसाळा गेल्यावर. कपाटे तोडायला लावण्याऐवजी प्लायच्या दरातील फरक वजा करून घेणे तुम्हाला परवडेल. ओट्याखालचे कपाट मात्र बदलूनच घ्या, तिथे ३०३ पाण्याला टिकत नाही. मध्येच तुम्ही वाढवून सांगितलेले काही काम असेल, तर तेही हिशेबात प्रामाणिकपणे धरा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वाढीव काम होते, बाल्कनीतल्या फरशीचे, आणि ते मी धरले नव्हते, आता धरते. काल रात्रीपासून न्हाणीघर बंद केले आहे आणि सासूबाईंची सोय शेजारी झाली आहे. आज दुपारी काकूंनी सांगितले, की ठिबकणे जवळजवळ थांबले आहे. पाइपची चाचणी शनिवारी आहे, आणि रविवारी सकाळी दहा वाजता पाणी भरणार असल्याचे ठेकेदाराला लेखी कळवले आहे.