न्यूझीलंड कॅम्परव्हॅनमधून : अनुभव धागा

न्यूझीलंडला व्हॅनने जायचं ठरलं की लोक आधी नकाशा उघडतात आणि क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन एका दिवसात बसवून टाकतात. अंतर ४८० किलोमीटरच्या आसपास, कागदावर बसतंही. पण व्हॅनमधला दिवस किलोमीटरवर चालत नाही. तो चालतो पाणी, सांडपाणी, संडासाची कॅसेट (संडासाखालची काढून रिकामी करायची टाकी), गॅस आणि बॅटरी यांवर. प्रवासवर्णनं आणि तळ्याचे फोटो भरपूर झालेत. इथे फक्त कामाचं लिहा: काय, किती, कसं आणि कुठे फसतं.

क्राइस्टचर्चहून

व्हॅन ताब्यात घेताना आधी काचेवरचा सेल्फ-कंटेन्ड स्टिकर बघा, म्हणजे पाणी, संडास, सांडपाणी सगळं गाडीतच असल्याचा दाखला; उघड्यावर फुकट मुक्कामाला तो लागतो. जुने निळे होते. २०२३ च्या कायद्यापासून हिरवे आले आणि त्यासाठी संडास गाडीत पक्का बसवलेला लागतो, पलंगाखालचा सुटा डबा चालत नाही. पलंग उघडलेला असतानाही संडास वापरता यायला हवा. पाण्याचा हिशेब माणशी रोज ४ लिटर, तीन दिवसांचा. म्हणजे दोघांना किमान २४ लिटर, आणि तेवढंच सांडपाणी साठवायची सोय. स्टिकरवर माणसांचा आकडा असतो. तो दोन असेल तर मागे दोन भाचरं झोपवून फुकट मुक्काम करता येत नाही.

स्टिकर म्हणजे कुठेही थांबायचा परवानाही नव्हे. प्रत्येक कौन्सिलचे (स्थानिक पालिकेचे) नियम वेगळे, तेव्हा जागेवरची पाटी वाचा. मनाई असलेल्या जागी मुक्काम केलात तर ४०० डॉलरचा दंड होऊ शकतो.

वेलिंग्टनहून

कॅसेटबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

कॅसेट साधारण १७ ते २० लिटरची. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते, असं कंपनीवाले सांगतात ते कागद वापरणाऱ्यांच्या हिशेबाने. आपल्या सवयीने मगभर पाणी घेतलंत तर दीड दिवसात लाल दिवा लागतो, आणि तेवढंच पिण्याचं पाणीही टाकीतून कमी होतं. २५०-३०० मिलीची दाबायची बाटली ठेवा, काम भागतं. ओले वाइप्स आत टाकू नका, झडपेत अडकतात.

रिकामी करताना क्रम पाळा. आतली झडप बंद केल्याशिवाय कॅसेट बाहेरून निघत नाही, ओढाओढी केली तर झडपच मोडते. डंप स्टेशनवर (मैला-सांडपाणी ओतायच्या जागी) नळी बाहेर वळवा, तोंड खाली करा आणि *मग* हवेचं बटण दाबून धरा. बटण न दाबता ओतलं की आत हवा जात नाही, गुडगुड करत उसळतं आणि बुटांवर येतं. दोन-तीनदा विसळा, मग थोडं पाणी आणि मापाने रसायन घाला. ब्लीच नको, झडपेच्या रबराला खोबरेल किंवा व्हॅसलीनही नको. रबर फुगतं आणि गळती सुरू होते. सिलिकॉनचा स्प्रे चालतो.

आणि विसळायच्या नळाची नळी पिण्याच्या टाकीला कधीही लावू नका. दोन्ही नळ एकाच जागी असतात, पाटी वाचा.

ऑकलंडहून

स्वयंपाकाचं मी लिहितो. दोनच शेगड्या, त्याही जवळजवळ. पाच लिटरचा कुकर एकीवर ठेवला की दुसरी गेलीच, म्हणून तीन लिटरचाच न्या. फोडणी द्यायच्या आधी छतावरची खिडकी उघडा, पंखा लावा. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म ओरडतो. बॅटरी काढून तो गप्प करू नका. शेगडी चालू असताना हवा खेळती नसली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. शेगडीवर गाडी उबदार करणं तर नकोच.

ताटं धुण्याआधी कागदाने पुसा. वरणाचा साका आणि तेल सांडपाण्याच्या टाकीत गेलं की दोन दिवसांत सिंकमधून जो वास येतो, तो कॅसेटलाही मागे टाकतो.

डाळ, तांदूळ, मसाले ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागातल्या भारतीय दुकानांत मिळतात, तेव्हा बॅग भरून आणायचा अट्टहास कशाला? आणलंतच तर देशात शिरतानाच्या घोषणापत्रात प्रत्येक खाण्याची वस्तू जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्याला जागच्या जागी ४०० डॉलर. मध आणूच नका. ट्रेकिंगचे बूटही जाहीर करायचे असतात, तळव्याला माती नको.

हॅमिल्टनहून

वर गॅसचं राहिलं. सिलिंडरमध्ये किती उरलाय ते बघायला बाहेरून कोमट पाणी ओता आणि हात फिरवा. जिथून खाली गार लागतं तिथपर्यंत गॅस आहे. जोडणी गळते का ते साबणाच्या फेसाने बघायचं, काडीने नव्हे. दोन बेटांमधल्या फेरी बोटीवर गाडी चढवताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

बॅटरीचं गणित: १०० अँपिअर-तासांच्या एजीएम (लेड-ॲसिडचाच एक प्रकार) बॅटरीतून निम्मीच वापरायची, म्हणजे ५०. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना ३ ते ५ अँपिअर घेतो. इन्व्हर्टरवर इंडक्शन किंवा हेअर ड्रायर लावला की १२ व्होल्टवर शंभराहून जास्त अँपिअर ओढले जातात, आणि सकाळी फ्रिजमधलं दूध नासलेलं. अशी उपकरणं हॉलिडे पार्कच्या (पैसे देऊन राहायच्या सोयीच्या कॅम्पच्या) वीजजोडणीवरच. दोन रात्री डॉकच्या (सरकारी संवर्धन खात्याच्या) साध्या कॅम्पसाइटवर आणि तिसरी वीज असलेल्या जागी, हा क्रम सोसतो.

ड्युनेडिनहून

गाडी चालवण्याबद्दल. डावीकडूनच चालवायचं असल्याने आपल्याला सोपं. भारतीय परवाना इंग्रजीत असेल तर चालतो. गावात ५०, मोकळ्या रस्त्यावर १००. पण साडेतीन टनांवरच्या मोटरहोमला ९०. मागे रांग लागली की डावीकडच्या स्लो व्हेइकल बेमध्ये (हळू गाड्यांनी बाजूला व्हायच्या जागेत) जा, इथे हॉर्न वाजवत नाहीत, म्हणून रांग कळत नाही.

एकेरी पूल दक्षिण बेटावर पावलोपावली. गोल पाटीवर तुमच्या बाजूचा बाण लाल आणि लहान असेल तर थांबा. निळ्या चौकोनात तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर हक्क तुमचा, तरी समोरचा थांबतोय का बघूनच चढा.

मिलफर्ड साउंडच्या खाडीला जाताना टे आनाऊलाच टाकी भरा, ११८ किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. वाटेत मोबाइलला रेंज नाही, नकाशे आधी उतरवून ठेवा. होमर बोगद्यापाशी किआ नावाचे पोपट खिडक्यांचं रबर कुरतडतात. खाऊ घालू नका, गाडी सोडून लांबही जाऊ नका. स्किपर्स रोड, बॉल हट रोड आणि नाइन्टी माइल बीच भाड्याच्या गाड्यांना बहुधा करारातच वर्ज्य असतात, तिथे विमा चालत नाही. छताचं आणि तळाचं नुकसानही अनेक विम्यांत येत नाही, तेव्हा गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

क्राइस्टचर्चहून, पुन्हा

एक राहिलं: मे महिन्याची शाळेची सुट्टी म्हणजे इथे हिवाळ्याचं तोंड. सावलीतल्या वळणांवर सकाळी काळा बर्फ (डांबरावर न दिसणारा पातळ थर), मिलफर्डच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर चाकांच्या साखळ्या सोबत ठेवायला सांगतात. साखळ्या चढवायचा सराव पार्किंगमध्ये कोरड्यात करा. मुलं असतील तर शक्यतो दिवाळीची सुट्टी घ्या. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना मंजूर सीट सक्तीची आहे, आणि मागच्या आडव्या बाकांवर ती नीट बसत नाही. कोणत्या जागेला अँकर (मुलांची सीट बांधायची कडी) आहे ते बुकिंगच्या आधी लेखी विचारा.

वेलिंग्टनहून

फेरी गाडीच्या लांबीवर बुक होते, मागचा सायकल रॅक धरून मोजा. वेलिंग्टन ते पिक्टन साडेतीन तास. डिसेंबर-जानेवारीत महिनोन् महिने आधी बघा.

हॅमिल्टनहून

डिझेल पंपावर पेट्रोलपेक्षा स्वस्त दिसतं, त्याला भुलू नका. डिझेल गाड्यांचा रस्ताकर वेगळा, साडेतीन टनांपर्यंत १,००० किलोमीटरला ७६ डॉलर, आणि कंपनी तो परतीच्या वेळी किलोमीटरवर लावते. गाडी घेताना आणि देताना ओडोमीटरचा फोटो काढून ठेवा.