खुलं सॉफ्टवेअर हातात आलं की वापरणारा निर्माता होतो? सांगलीच्या पुरावरून वाद

नदीकाठ: कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी, हे सांगलीत पोरासोरांना पाठ. पण 42 ला अमुक बोळात पाणी किती, हे त्या बोळातल्यांनाच माहीत. त्याचं अ‍ॅप कुठली कंपनी काढणार नाही, आपण काढू शकतो. ओडीके कलेक्ट हे फोनवर माहितीचे फॉर्म भरून घ्यायचं सॉफ्टवेअर खुलं आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही बघून बदलू शकतो. कोड न लिहिता स्प्रेडशीटमधून फॉर्म बनतो. 'सर्व्हे' शीटवर एका ओळीत एक प्रश्न: पुलाचं रीडिंग (30 ते 60 च्या बाहेरचा आकडा घ्यायचाच नाही, अशी अट), पाणी घोटा-गुडघा-कंबर, जीपीएस, फोटो. उत्तरांचे पर्याय 'चॉइसेस' शीटवर. प्रश्न मराठीत चालतात, पण 'नेम'च्या रकान्यात (प्रश्नाचं आतलं नाव) इंग्रजी अक्षरंच ठेवा आणि मधे जागा सोडू नका, नाहीतर फॉर्म सर्व्हरवर चढताना अडू शकतो. फोटोला 1024 पिक्सेलची मर्यादा घाला. पुरात नेटवर्क मरतुकडं असतं. नोंद फोनमध्ये राहते, रेंज आली की सर्व्हरवर जाते.

खटपट्या: यात निर्माता कोण झालं? पावतीपुस्तक छापून घेतलं म्हणून कुणी छापखानेवाला होत नाही. खुलेपणाची परीक्षा फोनच्या पोटात आहे. कर्नलचा, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्याचा, कोड जीपीएल या खुल्या परवान्यामुळे द्यावा लागतो, पण कॅमेरा-मोडेम चालवणारे ड्रायव्हर बहुतेक बंदच. फोन सुरू करणाऱ्या बूटलोडरचं कुलूप उघडा, सगळा डेटा पुसला जातो. वर बँकेची, यूपीआयची बरीच अ‍ॅप्स रुसतात. मंडईत यूपीआय नसलेला फोन घेऊन फिरणार कोण?

माहुलीकर: बूटलोडरचं खरंय, पण फॉर्मसाठी तो उघडायचा कशाला? आणि छापखान्याची उपमा लंगडी आहे राव. कोबोकलेक्ट हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर ओडीके कलेक्टच्याच कोडवरून निघालंय. पावतीपुस्तकासोबत यंत्राचे आराखडे कोण देतं?

खोट आहे ती नदीकाठ यांच्या फॉर्ममध्ये. 'कंबर' कुणाची? सहा फुटी माणसाची की चौथीतल्या पोराची? मे महिन्यातच भिंतीवर दर सहा इंचाला ऑइलपेंटची खूण करा आणि आकडाच भरा. खूण विजेच्या खांबावर नको, पुरात तिथं कुणी जाऊ नये. फोनच्या जीपीएसची उंचीही वापरू नका. ती दहा-वीस मीटरनं सहज चुकते, इथं तर फुटाफुटाचा हिशेब आहे. ओडीके मुळात 5 मीटर अचूकता मिळाली की बिंदू धरतं, पण अरुंद बोळात भिंतींमुळे ती मिळत नाही आणि माणूस पाण्यात ताटकळतो. नकाशावर बोटानं जागा दाखवायची सोय चालू करा.

नदीकाठ: कंबर काढली. इंचात आकडा आणि नकाशावर बोट.

खटपट्या: आणि परवानगीचं काय? ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच अ‍ॅप्स सर्टिफाइड (गूगलनं प्रमाणित केलेल्या) अँड्रॉइड फोनवर बसवू द्यायची, असं गूगलनं 2025 च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं. सुरुवात 2026 च्या सप्टेंबरात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडपासून. उद्या कोड बदलून स्वतःचं अ‍ॅप केलंत, तर शेजाऱ्याच्या फोनवर चढवायला आधी नाव नोंदवा.

माहुलीकर: संगणकाला केबल लावून एडीबी या डेव्हलपरांच्या साधनानं चढवायची वाट त्यांनी ठेवलीय. पण गल्लीतल्या पन्नास जणांना केबल लावत कोण बसणार, हे मान्य. तूर्त प्ले स्टोअरवरचं कलेक्टच वापरा, फॉर्म तेवढा आपला.

खटपट्या: सर्व्हर?

नदीकाठ: बाहेरगावी, भाड्यानं. सांगलीत ठेवला तर वीज गेली की तोही पाण्यात. पासवर्ड दोघांकडे, आणि रोज रात्री सगळ्या नोंदींची सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी फाइल) काढून ठेवायची.