कंबर बरी झाली पण वाकायची भीती काही जात नाही

रानपाखरू:
आठ महिन्यांपूर्वी बादली उचलताना कंबरेत अशी कळ आली की तीन आठवडे नीट उभं राहता येईना. आता दुखणं बरंच कमी आहे पण खाली पडलेला पेन उचलायचा म्हटलं तरी आपोआप श्वास रोखला जातो, एक हात टेबलावर, पाठ काठीसारखी ताठ आणि मग गुडघे टेकून कसाबसा उचलते. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली, आलाय. फिजिओ म्हणतात बिनधास्त वाका. वाकू का खरंच?

हिरवापाला:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. या भीतीला कायनेसिओफोबिया म्हणतात, ती मोजायला टॅम्पा स्केल नावाची १७ प्रश्नांची प्रश्नावलीही आहे, म्हणजे तुम्ही एकट्या नाही. श्वास रोखून पाठ ताठ धरता ना, खरी गडबड तिथे आहे. स्नायू सारखे आवळलेले राहिले की थकतात, दुखतात आणि मग वाटतं बघा, वाकल्यामुळेच दुखलं. बल्जचं म्हणाल तर २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही साधारण ३० टक्क्यांना बल्ज दिसला होता, ऐंशीत तर ८४ टक्के! रिपोर्ट वाचून दाखवताना हे सांगायलाच हवं, आम्ही लोक पुष्कळदा सांगत नाही याचं वाईट वाटतं.
फक्त लघवी अडणं किंवा नकळत होणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं यातलं काही झालं तर लगेच हॉस्पिटल गाठा.

संथपाणी:
मला "दुखणं म्हणजे इजा नव्हे" हे दहादा सांगून झालं होतं, डोक्याला पटायचं, कंबरेला नाही. फरक पडला तो प्रत्यक्ष करून. फिजिओने कमी भीतीच्या हालचालीपासून जास्त भीतीच्या हालचालीपर्यंत यादी करायला लावली आणि प्रत्येक वेळी आधी विचारायचे, काय होईल वाटतं? मी म्हणायचो, लॉक होईल. मग करायचं आणि बघायचं, झालं का लॉक? बुटाची लेस बांधायला मला दीड महिना लागला, घाई करू नका.

रानपाखरू:
दोघांचेही मनापासून आभार. आज खुर्चीत बसून, श्वास सोडत घोट्याला हात लावला. दुखणं दहापैकी आठ होईल असं लिहून ठेवलं होतं, झालं दोन. उद्या उभं राहून करू की अजून हेच?

हिरवापाला:
अजून दोन-तीन दिवस हेच करा, कंटाळा यायला लागला की उभं राहून.